वेग वाढवायचा की जुळवायचा? .४५०/४०० दुनळी रायफलीच्या काडतूस-भरणीचा प्रकरण अभ्यास

दादरला आमच्या इमारतीत लहानाचा मोठा झालेला आणि मर्चंट नेव्हीतली नोकरी संपवून डर्बनला स्थायिक झालेला एक इंजिनिअर तिथल्या लिलावात एक जुनी इंग्लिश दुनळी रायफल विकत घेतो. रायफल .४५०/४०० थ्री इंच नायट्रो एक्स्प्रेस या, मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठीच्या जुन्या इंग्लिश काडतुसाची असून नळ्या २६ इंची आहेत. दस्त्याला एकदा दुरुस्ती झालेली दिसते, पण नळ्यांच्या आतले आटे सुस्थितीत आहेत आणि परवाना रीतसर त्याच्याच नावाचा आहे. बाजारात मिळणारी तयार काडतुसे घालून त्याने ५० यार्डांवर नेम धरला, तेव्हा उजव्या नळीच्या गोळ्या उजवीकडे आणि डाव्या नळीच्या डावीकडे गेल्या, आणि दोन्ही घोळक्यांच्या मध्यांत पाच-सहा इंचांचे अंतर पडले. रानम्हशीच्या शिकारीसाठी घेतलेल्या रायफलीत हे अंतर चालण्यासारखे नव्हते. म्हणून त्याने काडतुसे स्वतः भरायला घेतली आणि त्यामागे दोन हेतू ठेवले: नळ्या एका जागी आणायच्या आणि जमल्यास रायफलीची ताकद थोडी वाढवायची. या दोन हेतूंचे आपसात जमत नाही, हे ध्यानात येईपर्यंत त्याचा बराच वेळ आणि बरीच पावडर खर्च झाली. प्रस्तुत टिपण त्याच वाटचालीचे आहे.

माझा संबंध एवढाच की माझी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, धातुपरीक्षणाच्या कामात गेली. १८६९ साली सुरू झालेल्या त्या कारखान्यात पितळेची पुंगळी (दारू आणि गोळी धरणारे काडतुसाचे नळकांडे) कशी ओढली जाते, कुठे ताणली जाते आणि कशामुळे फाटते, हे पाहणे हेच माझे काम होते. शिकारीत मला गोडी नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर तो विषय तसाही संपलेला आहे. पण पितळ, दाब आणि वेग यांचे गणित कुठल्याही देशात तेच राहते, आणि पावसाळ्याच्या सुट्टीत हा इंजिनिअर आपली वही, निशाणाचे कागद आणि छायाचित्रे घेऊन माझ्याकडे येऊ लागला तेव्हा नाही म्हणणे मला जमले नाही.

पुंगळ्या मुंबईत का आल्या नाहीत

पहिल्याच फोनवर त्याने विचारले होते, "काका, चार-सहा रिकाम्या पुंगळ्या बॅगेत टाकून आणतो. तुम्ही भिंगाखाली बघून सांगा. रिकाम्याच तर आहेत, त्यात काय एवढं?"

त्यात पुष्कळ काही आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील दारूगोळ्याच्या व्याख्येत भरलेल्या काडतुसाबरोबर दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो तयार करण्याची यंत्रसामग्रीही येते. रिकामी पुंगळी हा काडतुसाचा भागच असल्याने ती परवान्याविना सामानात घालून सहार विमानतळावर उतरणे म्हणजे चौकशीला स्वतःहून आमंत्रण देणे होय. काडतुसे भरण्याचे काम तर आपल्याकडे दारूगोळ्याच्या उत्पादनात मोडते, त्यासाठी कलम ५ खाली स्वतंत्र परवाना लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना उत्पादनाची शिक्षा किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत गेली आहे. साधा शस्त्रपरवाना बाळगणाऱ्याने घरच्या टेबलावर हा उद्योग करणे हा छंद नसून गुन्हा आहे. मुंबईतल्या परवानाधारकांपैकी काहींची याबाबत चुकीची समजूत असते, म्हणून हे स्पष्ट लिहिले. दक्षिण आफ्रिकेत मात्र २००० सालच्या फायरआर्म्स कंट्रोल अ‍ॅक्टनुसार ज्या रायफलीचा परवाना आहे तिच्यासाठी, स्वतःच्या वापरापुरती, ठरावीक मर्यादेत काडतुसे भरता येतात. त्यामुळे भरणी आणि गोळीबार तिकडे लिंपोपोतल्या एका खासगी शेतावर, आणि हिशेब इकडे दादरला, अशी कामाची विभागणी झाली. मी या रायफलीला कधी हात लावलेला नाही. मायक्रोमीटरची मापे आणि क्रोनोग्राफचे, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्राचे, आकडे सगळे त्याचे आहेत. जहाजाच्या इंजिनरूममध्ये लॉगबुक लिहिण्याची सवय असलेल्या माणसाची वही असल्यामुळे मी त्या आकड्यांवर विसंबलो.

रायफलीसोबत आलेला जुना डबा

लिलावात रायफलीबरोबर कायनॉक या इंग्लिश कंपनीच्या जुन्या काडतुसांचा अर्धा भरलेला डबाही मिळाला होता. इंजिनिअरची कल्पना तर्काला धरून होती: ही रायफल ज्या काडतुसावर जुळवली गेली ते हेच असेल, तर यातली दोन-चार उडवून त्यांचा वेग मोजावा आणि तोच वेग नव्या भरणीत आणावा.

मी त्याला त्या काडतुसांच्या मानेची जवळून काढलेली छायाचित्रे मागितली. त्यांत एका काडतुसाच्या मानेवर, गोळी जिथे पितळेत शिरते तिथून खाली, केसाएवढी बारीक उभी रेघ दिसत होती आणि तिच्या कडेला हिरवट कळंक धरला होता. दुसऱ्यावर तशाच दोन रेघा होत्या. ओरखडा अशा तऱ्हेने सरळ मानेच्या लांबीने जात नाही आणि त्याच्या कडाही अशा नसतात. त्या तडा होत्या.

हा रोग ओळखला गेला तो आपल्याच देशातल्या काडतुसांवर. ब्रिटिश फौजेच्या पितळी पुंगळ्या पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठवून ठेवल्या जात आणि मोसम संपल्यावर बाहेर काढल्या की त्यांना आपोआप तडा गेलेल्या आढळत. म्हणून इंग्रजीत त्याचे नावच सीझन क्रॅकिंग, म्हणजे मोसमी तडकणे, असे पडले. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ साली त्याचा उलगडा केला. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि थंड अवस्थेत ओढल्यामुळे पितळेत राहून गेलेला ताण एकत्र आले की पितळ कणांच्या सीमारेषांवरून उकलते. मान पुरेशी तापवून ताण काढून टाकला, म्हणजे अनीलिंग केले, तर तड जात नाही. नव्या काडतुसांच्या मानेवर दिसणारी निळसर-तपकिरी छटा ही त्याच अनीलिंगची खूण असते, आणि ती पाहून माल खराब आहे असे समजणारे ग्राहक मला खडकीतही भेटले आहेत.

तडकलेल्या मानेत गोळी घट्ट बसत नाही, दारू पेटण्याची सुरुवात बिघडते आणि वेग वेडावाकडा येतो. त्यातून मिळालेला आकडा मूळ वेग म्हणून धरणे चूक ठरले असते. शिवाय आतली दारू कॉर्डाइट होती, म्हणजे नायट्रोग्लिसरीन आणि गनकॉटन यांच्या लगद्यात पेट्रोलियम जेली घालून ओढलेल्या शेवया. इतक्या वर्षांत ती कुठल्या उन्हात आणि कुठल्या दमटपणात राहिली हे सांगणारे कोणी उरलेले नव्हते. प्रायमर, म्हणजे पुंगळीच्या बुडातली दारू पेटवणारी टोपी, हेही जुन्या बर्डन पद्धतीचे होते. डबा तिकडच्या पोलीस ठाण्यात जमा करावा असे मी सुचवले आणि त्याने तो केला. त्यामुळे मूळ वेग मोजून मिळण्याचा सोपा रस्ता बंद झाला, आणि तो वेग निशाणाच्या कागदावरूनच शोधून काढावा लागणार हे ठरले.

नळीवर काय कोरले होते

दुनळी रायफलीच्या नळ्या वरून पाहणाऱ्याला समांतर वाटतात, पण प्रत्यक्षात त्या तोंडाकडे एकमेकींकडे किंचित झुकवलेल्या असतात. याचे कारण धक्क्यात आहे. उजवी नळी सुटते तेव्हा तिचा अक्ष रायफलीच्या मध्यापासून उजवीकडे असल्यामुळे रायफल मागे आणि वर जाता जाता उजवीकडेही वळते, आणि गोळी नळीत असतानाच हे वळणे सुरू झालेले असते. डाव्या नळीचे नेमके उलट होते. या वळण्याची भरपाई व्हावी म्हणून कारागीर दोन्ही नळ्यांच्या तोंडामध्ये पाचर ठेवून त्या डाख देऊन जोडतो, गोळ्या मारून पाहतो, डाख तापवून पाचर सरकवतो, पुन्हा मारतो, आणि दोन्ही नळ्या एका ठिकाणी येईपर्यंत हे चालू ठेवतो. हे जुळवणे एका विशिष्ट गोळीसाठी आणि एका विशिष्ट वेगासाठी असते. गोळी नळीत साधारण दोन मिलिसेकंद असते. वेग कमी झाला की ती नळीत जरा जास्त वेळ राहते, तेवढ्यात रायफल अधिक वळते आणि गोळ्या फाकतात. वेग वाढला की रायफल पुरेशी वळायच्या आत गोळी बाहेर पडते आणि उजव्या नळीची गोळी डावीकडे, डाव्याची उजवीकडे, अशी फुली होते.

या इंजिनिअरच्या नळ्यांखाली, प्रूफ हाऊसच्या, म्हणजे नळ्यांची मजबुती तपासणाऱ्या संस्थेच्या, शिक्क्यांजवळ, "कॉर्डाइट ६०–४०० मॅक्स" अशा अर्थाची अक्षरे आहेत, म्हणजे कॉर्डाइट ६० ग्रेन आणि गोळी ४०० ग्रेन, याहून जास्त नाही. ग्रॅममध्ये ती गोळी सुमारे २६ भरते. डब्ल्यू. जे. जेफरी यांनी १९०२ साली बाजारात आणलेल्या या काडतुसाचा छापील वेग सेकंदाला २१२५ फुटांच्या आसपासचा आहे, आणि त्या हिशेबाने तोंडाशी ऊर्जा सुमारे ४००० फूट-पौंड येते.

हे काडतूस भारतात लोकप्रिय होण्याचे एक कारण सरकारी होते. १९०७ च्या सुमारास ब्रिटिश सरकारने .४५० बोअरच्या रायफली आणि काडतुसे हिंदुस्थानात आणायला बंदी घातली, कारण त्या मापाच्या गोळ्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली बाळगणाऱ्या बंडखोरांच्या हाती पडतील ही भीती होती. त्या बंदीतूनच .४७० आणि .५००/४६५ यांसारखी नवी मापे पुढे आली. .४५०/४०० च्या नावात ४५० असले तरी त्यातली गोळी .४१ इंचाच्या जवळपासची, त्यामुळे त्याला या बंदीची आडकाठी नव्हती. जिम कॉर्बेट यांच्याकडेही जेफरीचीच .४५०/४०० दुनळी होती.

आता तयार काडतुसे फाकत का होती हे उघड झाले. क्रोनोग्राफवर त्यांचा वेग, थंड सकाळी, २००० च्या किंचित खालीच येत होता. ती बनवणाऱ्या कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही, कारण तिला जगभरच्या कमी-अधिक मजबूत जुन्या रायफलींत सुरक्षित ठरेल असे काडतूस द्यायचे असते. या एका रायफलीला मात्र तो वेग पुरत नव्हता.

ताकद वाढवण्याचा प्रयत्न

इथे इंजिनिअरने जे केले ते बहुतेक नवशिके भरणारे करतात. वेग कमी आहे, तर वाढवू या, आणि वाढवायचाच आहे तर छापील आकड्यावर का थांबायचे? आधुनिक पावडर आहे, नव्या मजबूत पुंगळ्या आहेत. तो पायरीपायरीने वर गेला हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. २२३० फुटांच्या आसपास त्याला दोन गोष्टी दिसल्या. निशाणाच्या कागदावर फुली झाली होती, म्हणजे उजव्या नळीचे छिद्र डाव्या नळीच्या छिद्राच्या डावीकडे होते. आणि रायफल उघडून पुंगळ्या काढताना त्या पूर्वीसारख्या सहज निघत नव्हत्या.

फुलीची त्याला चिंता वाटली, पण दाबाची वाटली नाही, कारण प्रायमर पाहून तो निश्चिंत होता. छायाचित्रांत प्रायमरच्या कडा छान गोल होत्या, चपट्या झाल्या नव्हत्या. याच मुद्द्यावर आमच्यात सर्वांत लांब चर्चा झाली आणि प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा भाग मला हाच वाटतो.

प्रायमर चपटा होणे हे दाबाचे लक्षण म्हणून भरणी करणाऱ्यांमध्ये प्रचलित आहे, पण ते बोल्ट रायफलींच्या, म्हणजे मागची खिट्टी फिरवून कुलूपबंद होणाऱ्या रायफलींच्या, अनुभवातून आलेले आहे. .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम या १९१२ सालच्या काडतुसाची अमेरिकी मानकाप्रमाणे कमाल मर्यादा चौरस इंचाला ६२,००० पौंड आहे. आजचे प्रायमर तसा दाब सोसण्यासाठी घडवलेले असतात. दुनळी नायट्रो एक्स्प्रेस काडतुसांचे सगळे काम त्याहून खूप खाली, ४०,००० च्या आसपास किंवा त्याच्याही खाली चालते, कारण मोडती, म्हणजे बिजागरीवर मोडून उघडणारी, रायफल बोल्टच्या रायफलीसारखी कुलूपबंद होत नाही. बिजागरीची खुंटी आणि नळ्यांखालच्या खाचा एवढ्यावरच सगळा ताण येतो, आणि जास्त दाबाने त्या एका दिवसात तुटत नाहीत, तर थोड्या थोड्या सैल होत जातात, आणि मग नळ्यांचा मागचा भाग अ‍ॅक्शनला (रायफलीच्या मागच्या धातूच्या सांगाड्याला) टेकेनासा होतो. प्रायमर चपटा दिसू लागेपर्यंत दाब या रायफलीच्या मर्यादेच्या कितीतरी पुढे गेलेला असतो. म्हणजे त्याचे गोल प्रायमर रायफल सुरक्षित असल्याचे सांगत नव्हते. दाब ६०,००० च्या खाली आहे, एवढेच ते सांगत होते.

मग भरवसा कशावर ठेवायचा? घरी दाब मोजण्याचे साधन नसेल तर वेगावर. तीच नळी, तीच गोळी आणि ओळखीची पावडर असताना छापील वेगापेक्षा लक्षणीय जास्त वेग मिळत असेल, तर त्याची किंमत दाबाच्या रूपाने कुठेतरी मोजली जात असते. तो फुकट येत नाही. जोडीला पुंगळीच्या बुडाजवळचा व्यास गोळीबाराच्या आधी आणि नंतर मायक्रोमीटरने मोजायचा, आणि पुंगळी बाहेर येताना हाताला अडते का ते पाहायचे. त्याच्या मोजणीत २२३० च्या काडतुसांचे बूड तयार काडतुसांच्या मानाने स्पष्ट फुगलेले होते. मी त्याला त्या भरण्या मोडून टाकायला सांगितले.

शिवाय ताकद वाढवून मिळत काय होते, तर ऊर्जेत साधारण दहा टक्के. रानम्हशीसारख्या जनावरात गोळी सरळ आणि खोल जाणे हे मुख्यतः गोळीच्या घडणीवर, तिच्या नाकाच्या आकारावर आणि छेद-घनतेवर, म्हणजे व्यासाच्या मानाने तिच्या वजनावर, अवलंबून असते. .४१ इंची ४०० ग्रेन गोळीची छेद-घनता .३४ च्या जवळ येते, जी .३७५ च्या ३०० ग्रेन गोळीपेक्षा अधिक आहे. शंभर फूट वेगाने त्यात फारसा फरक पडत नाही. जोडीची दुसरी गोळी पाच इंच बाजूला गेली तर मात्र पडतो. जुन्या कारागिराने ही बाब आधीच सोडवून ठेवली होती, आणि त्याचे उत्तर नळ्यांच्या जोडणीत होते. वेग वाढवायचा नव्हता, जुळवायचा होता.

जुळणारा वेग

त्यानंतरचे काम संथ आणि थोडे कंटाळवाणे होते. आधी नळ्यांची मापे घेतली. मऊ शिशाचा गोळा नळीतून हळूहळू ठोकत पुढे नेला आणि त्यावर उमटलेल्या खाचांचा व्यास मोजला, कारण जुन्या इंग्लिश नळ्या कागदावरच्या मापाहून तंग किंवा सैल असू शकतात आणि तंग नळीत तीच भरणी जास्त दाब देते. या दोन्ही नळ्या मापाला बरोबर निघाल्या. गोळी म्हणून त्याने शिशाचा गाभा आणि धातूचे आवरण असलेली, वुडली कंपनीची, जुन्या कायनॉक गोळीच्या घाटाची ४०० ग्रेन गोळी पसंत केली. अखंड तांब्याच्या गोळ्या आज चांगल्या मिळतात आणि त्यांच्या बाजूने पुष्कळ बोलले जाते, पण जुन्या पातळ भिंतीच्या नळ्यांत त्या कितपत वापराव्यात याबद्दल बंदूक कारागिरांत एकमत नाही. ज्यावर वाद आहे ते शंभर वर्षांच्या नळीत करून पाहू नये, असे माझे मत होते.

पावडर तिकडच्या सोमकेम कंपनीची, छापील तक्त्यातल्या मर्यादेच्या आत. वजनाचे आकडे मी मुद्दाम देत नाही. दुसऱ्याच्या रायफलीचा आकडा उचलून आपल्या रायफलीत घालणे यासारखा धोका या कामात नाही.

वेग खालून चढवत नेला तसतशी कागदावरची छिद्रे एकमेकांकडे सरकत गेली. २११० च्या आसपास उजव्या नळीचा घोळका नेमाच्या उजवीकडे अर्धा इंच आणि डाव्या नळीचा डावीकडे अर्धा इंच असा स्थिरावला. इंजिनिअरला वाटले अजून थोडे वर गेलो तर दोन्ही एकाच छिद्रात येतील, आणि त्याचे म्हणणे ५० यार्डांपुरते खरेही होते. पण दोन्ही नळ्यांच्या तोंडांच्या मध्यांत मुळातच साधारण एक इंचाचे अंतर आहे. ५० यार्डांवर तेच एक इंच राहत असेल तर गोळ्या समांतर चालल्या आहेत, आणि १०० यार्डांवरही त्या तेवढ्याच अंतरावर राहतील. ५० वर एक झालेल्या गोळ्या १०० वर फुली करतील. त्याने १०० यार्डांवर मारून पाहिले आणि अंतर जवळपास तेच राहिले. तिथे वेगाचा शोध संपला.

पुंगळीतली मोकळी जागा

एक त्रास राहिला होता. दोन्ही नळ्या आडव्या मापात जुळल्या होत्या, पण उभ्या मापात छिद्रे विनाकारण वर-खाली होत होती आणि क्रोनोग्राफवर सारख्याच भरणीचे वेग एकमेकांपासून बरेच लांब पडत होते.

कारण पुंगळीच्या जुन्या घाटात आहे. कॉर्डाइटच्या लांब शेवयांची जुडी पुंगळीत उभी राहत असे. त्याने घेतलेली दाणेदार पावडर कमी जागा घेते आणि तीन इंची पुंगळीत पुष्कळ पोकळी उरते. रायफल तोंड वर करून खांद्याला आणली तर पावडर प्रायमरपाशी गोळा होते, तोंड खाली करून आणली तर गोळीपाशी, आणि दोन्ही वेळा पेट वेगळ्या तऱ्हेने घेते. मी त्याला एक साधी चाचणी सुचवली: काही काडतुसे नळीचे तोंड आकाशाकडे करून मग सावकाश आडवी आणून उडवायची, आणि तेवढीच जमिनीकडे तोंड करून. दोन्ही गटांच्या सरासरी वेगात सुमारे ८० फुटांचा फरक निघाला. २००० ते २२३० एवढ्या पट्ट्यात नळ्या फाकण्यापासून फुली होईपर्यंत सगळे घडत असेल, तर ८० फूट म्हणजे त्यातला तिसऱ्या हिश्शाहून थोडा अधिक भाग, आणि तो रायफल खांद्याला कशी आणली एवढ्यावर वाया जात होता. टेकडीवरून खाली मारणाऱ्याला आणि पाणथळीतून वर मारणाऱ्याला एकच रायफल वेगवेगळी वागली असती.

उपाय ठाऊक असलेला आहे. पावडर आणि गोळीच्या बुडामध्ये हलकी भर घालायची. काहीजण फोमची चकती वापरतात, काहीजण कपोक, म्हणजे आपल्या पांढऱ्या सावरीचा कापूस. कोकणात ज्याने उशा भरलेल्या पाहिल्या आहेत त्याला तो किती हलका असतो हे सांगावे लागणार नाही. अट एकच, पण ती कडक आहे: भरीने पावडरीपासून गोळीच्या बुडापर्यंतची सगळी जागा व्यापली पाहिजे. मध्ये पोकळी ठेवून पावडरीवर नुसती चकती दाबली, तर ती चकती वेगाने जाऊन गोळीच्या बुडावर आदळते आणि चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतूस बसण्याच्या जागेत, कडीसारखा फुगवटा पडू शकतो. भर घातल्याने दाबही थोडा चढतो, म्हणून पावडर कमी करून पुन्हा खालून सुरुवात करावी लागते. त्याने ती केली. कपोक घातल्यावर तीच चाचणी पुन्हा घेतली, तेव्हा दोन गटांतला फरक नेहमीच्या चढउतारात विरून गेला आणि कागदावरचा उभा पसारा निम्म्याहून कमी झाला. सगळ्या प्रकरणात रायफलीची कामगिरी खऱ्या अर्थाने कशाने सुधारली असे विचारले, तर मी या चिमूटभर कापसाकडे बोट दाखवीन.

पुंगळीच्या बाबतीत दोनच गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. बोल्ट रायफलीसाठी भरणारे बरेचजण फक्त मानेला माप देतात, म्हणजे उडवल्यावर फुगलेली पुंगळी साच्यात दाबून तेवढीच पूर्ववत करतात, त्याने पुंगळी जास्त टिकते. दुनळीत उघडताना जोर लावायला तरफ नसते, आणि काडतूस घाईत, बोटांच्या नुसत्या ढकलण्याने आत पडले पाहिजे, म्हणून पूर्ण लांबीला माप द्यावे लागते. दुसरी गोष्ट मानेच्या दुमडीची. पुढचा चाप ओढून उजवी नळी सुटली की डाव्या नळीत बसलेल्या काडतुसालाही तोच धक्का बसतो. रायफल झटक्याने मागे जाते आणि जड गोळी जागीच राहू पाहते, त्यामुळे सैल बसवलेली गोळी पुंगळीतून पुढे सरकते. इंजिनिअरने एकच काडतूस डाव्या नळीत ठेवून उजवी अनेकदा उडवली आणि प्रत्येक वेळी डाव्याची लांबी मोजली. गोळीवरच्या खाचेत मान नीट दुमडल्यावर लांबी हलली नाही.

ऊन

भरणी जुळवली गेली ती जून-जुलैमध्ये, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात, पंधरा अंशांच्या आसपास. तिकडे ऑक्टोबरात पारा चाळीशीकडे जातो. कॉर्डाइट उन्हाला फार संवेदनशील होते, इतके की जुने इंग्लिश कारखाने हिंदुस्थान आणि आफ्रिकेसाठी कमी भरणीची वेगळी काडतुसे काढत. आधुनिक पावडरी त्या मानाने स्थिर असल्या तरी सगळ्या सारख्या स्थिर नसतात. मी त्याला ऑक्टोबरात, सावलीत दिवसभर तापलेली काडतुसे घेऊन, वेग पुन्हा मोजायला लावले. वेग तीसेक फुटांनी वर गेला होता आणि १०० यार्डांवर गोळ्या किंचित आत झुकल्या होत्या, फुली नव्हती. त्याने पावडर जराशी उतरवली. आता हिवाळ्यात त्या रायफलीच्या गोळ्या अंमळ फाकतात आणि उन्हाळ्यात समांतर जातात, आणि शिकार उन्हाळ्याच्या तोंडाशीच होत असल्याने हा सौदा त्याला मान्य आहे.

गेल्या सुट्टीत तो आला तेव्हा वहीत नवे पान उघडले होते. जुन्या पुंगळ्या संपत आल्या म्हणून त्याने दुसऱ्या कारखान्याच्या मागवल्या होत्या. नव्या पुंगळ्या तराजूवर जड भरत होत्या, म्हणजे भिंत जाड आणि आतली जागा कमी, आणि त्यांच्या कडेची जाडीही थोडी वेगळी होती. "काका, तेवढ्यासाठी सगळं पुन्हा पहिल्यापासून?" त्याने विचारले. कडेची जाडी चेंबरच्या खाचेशी ताडून पाहा, पाणी भरून दोन्ही पुंगळ्यांची धारकता मोज, आणि मग हो, खालून सुरुवात कर, असे मी त्याला सांगितले. धारकतेचे आकडे त्याने डर्बनहून पाठवायचे कबूल केले आहेत.